एकही लाल ओळ नाही

सोमवार, ८ जानेवारी

जुना कॉम्प्युटर शनिवारी गेला. अकरा वर्षं रडतखडत का होईना चालला, आणि शेवटी साहेबांच्या सहीचा अहवाल छापता छापता बंद पडला. आज त्याच्या जागी नवा आलाय. काळा, सडपातळ, आवाजसुद्धा करत नाही. पाणी तपासणीच्या आमच्या प्रयोगशाळेत एवढं देखणं दुसरं काही नाही, माणसं धरूनही.

बॅकअपमधून आमचा प्रोग्राम त्यावर चढवला, तर उघडेना. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी. दुपारपर्यंत मला हेच कळत नव्हतं की कोण कोणाकडे काय मागतंय. मग हळूहळू उलगडा झाला. आमच्या प्रोग्रामचे तीन भाग आहेत. एक आकडे घेतो, दुसरा ते ताडून बघतो, तिसरा छापतो. तिघांनाही तेच आकडे एकाच वेळी दिसले पाहिजेत, म्हणून ते मेमरीत एक सामायिक जागा मागतात. ती किती मोठी द्यायची हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. प्रोग्रामने मागितली बत्तीस एमबी, आणि या नव्या बाईसाहेबांची परवानगी चारचीच.

आकडे मी हाताने लिहीन, त्याचं काही नाही. पण ताडून बघणारा भाग बंद आहे हे मला आवडत नाही. शहरातल्या बावीस विहिरींपैकी एखादीचा आकडा मर्यादेबाहेर गेला तर तो भाग त्या विहिरीची ओळ लाल छापतोच, पण सलग तीन आठवडे आकडा चढत राहिला, तर तो मर्यादेत असला तरीही लाल छापतो. माणूस ‘आहे अजून मर्यादेत’ म्हणून पुढे सरकतो. प्रोग्राम सरकत नाही. ज्याने तो लिहिला तो प्रोग्रामर आता परदेशात असतो. त्याला ईमेल टाकली आहे.

मंगळवार, ९ जानेवारी

नमुन्यांचा दिवस. बावीस बाटल्या, दोन हात. आकडे वहीत लिहिले, एका दिवसाला एक पान. लेकीच्या घरी सात नंबरच्या विहिरीचं पाणी जातं, म्हणून तिचा आकडा मी आधी बघते. नायट्रेट २६, मर्यादा ४५. ठीक.

संध्याकाळी परत कॉम्प्युटरसमोर. त्याने मला दोन तास बसवून घेतलं आणि पदरात काही टाकलं नाही.

गुरुवार, ११ जानेवारी

लेकीचा फोन. बाळाला पातळ होतंय. नात दोन महिन्यांची झाली, लेकीला दूध पुरत नाही, म्हणून दिवसा पावडरचं दूध चालू आहे. मी विचारलं, पाणी उकळतेस का? म्हणाली, कोमट करते. मी चांगलीच झापली. म्हटलं, तीस वर्षं मी लोकांचं पाणी तपासते आणि माझ्याच घरात ही तऱ्हा. पाणी उकळत ठेव, अर्धं आटलं की उतरव, मग पावडर कालव. अर्धं आटलेलं डोळ्यांना दिसतं, म्हणजे नीट उकळलं की नाही याचा घोळ राहत नाही. ती बरं म्हणाली. तिचं ‘बरं’ मी ओळखून आहे.

मंगळवार, १६ जानेवारी

सिस्टिमची मर्यादा वाढवता येते म्हणे. एका फाइलमध्ये नवा आकडा लिहायचा आणि कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा. मी बत्तीसवर सहा शून्यं लिहिली. बंद केला, चालू केला. पुन्हा चारच. सात वेळा केलं. शिकाऊ मुलींसमोर फजिती नको म्हणून त्यांना बाटल्या धुवायला पाठवलं होतं.

आमचे नमुनेवाले, स्कूटरवरून विहिरी फिरून बाटल्या भरून आणतात ते, मध्येच येऊन म्हणाले की सातच्या विहिरीपाशी हल्ली उग्र वास येतो. शेजारच्या खतांच्या गोदामाने मागच्या अंगाला नवी शेड घातली आहे, पोती उघड्यावर असतात. मी वहीत बघितलं. नायट्रेट ३१. म्हटलं, मर्यादेत आहे हो. ते थोडा वेळ घुटमळले आणि गेले. त्यांना दर आठवड्याला कुठल्या तरी विहिरीपाशी वास येतोच.

शुक्रवार, १९ जानेवारी

आज कळलं की त्या फाइलमध्ये एक नाही, पाच ओळी लागतात. सगळ्यात मोठा तुकडा किती, सगळ्यात लहान किती, तुकडे किती, एका प्रोग्रामला किती आणि सगळे मिळून किती. पाचातली एक जरी तिच्या मनास आली नाही, तर सिस्टिम पाचही बाजूला सारते आणि आपलं चारचं माप लावते. वर, चुकलं कुठे हे सांगतही नाही. इतकी वर्षं साहेबांच्या हाताखाली काढली, पण असला घुमेपणा त्यांच्यातही नाही.

प्रोग्रामरचं उत्तर नाही.

मंगळवार, २३ जानेवारी

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. महिन्याचा अहवाल एकतीसला वरच्या कार्यालयात गेलाच पाहिजे, आणि छापील. हाताने लिहिलेला ते घेत नाहीत. नाहीतर बाहेरच्या कंपनीचा माणूस बोलवावा लागेल आणि मग ते म्हणतील की प्रयोगशाळाच बाहेर देऊन टाका. साहेब हे वाईट वाटून म्हणाले. पण निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या बाईला कॉम्प्युटर जमत नाही, हे त्यांनी न बोलताही मला ऐकू आलं. मला त्याचा फार राग आला. बाहेरचा माणूस या खोलीत पाऊल ठेवणार नाही.

बावीस नमुने झाले. सात नंबर ३५. बाकी सगळं ठीक. पाठ भरून आली आहे.

सोमवार, २९ जानेवारी

जमलं. हे मला ठळक लिहायचंय, म्हणून नवं पेन काढलं.

तीन आठवडे मी सिस्टिमच्या विनवण्या करत होते की जास्त दे. आज सकाळी दात घासताना डोक्यात आलं की ती वाढवत नसेल, तर आपणच कमी मागू. प्रोग्रामची स्वतःची एक फाइल आहे. त्यात एक ओळ सापडली, ‘मागील नोंदी’, आणि पुढे ५२. म्हणजे प्रत्येक विहिरीच्या वर्षभराच्या नोंदी तो सतत मेमरीत धरून ठेवतो. जागा खाणारा हाच. बहुतेक आलेखांसाठी असावं, आणि आलेख मागतंय कोण? ५२ चे २६ केले, उघडला नाही. १२ केले, नाही. ६, ३, २. नाही. शेवटी १ लिहिला आणि अहाहा, तीन आठवड्यांनी तो ओळखीचा निळा पडदा.

मी उतावळी नाही. ताडून बघणारा भाग चालतोय की नाही याची खात्री केली. एका विहिरीला नायट्रेट खोटं ६० घातलं, ओळ ताबडतोब लाल. मग ते पुसलं.

साहेबांनी स्वतः चहा मागवला. बाई, तुम्ही इंजिनियर व्हायला हवं होतं, म्हणाले. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फारच बरं वाटलं.

बुधवार, ३१ जानेवारी

महिन्याच्या सगळ्या मंगळवारांचे आकडे भरले, कालच्यासकट. सात नंबर ४०. अहवाल छापून गेला. बावीस विहिरी, एकही लाल ओळ नाही.

संध्याकाळी लेकीकडे. बाळाचे ओठ आणि नखं जराशी निळसर वाटतात, असं ती म्हणाली. मी खिडकीपाशी नेऊन बघितलं. थंडी आहे, पायमोजे घाल म्हटलं. माझ्या सासूबाईंचे ओठ असेच होते आणि त्या नव्वदीपर्यंत जगल्या. लेकीने विचारलं, आई, पाणी ठीक आहे ना गं? मी पर्समधून अहवालाची प्रत काढून दाखवली. तिचा चेहरा हलका झाला. समोरच्या घरातल्या बाईलाही तिने ती प्रत नेऊन दाखवली. तिलाही दीड महिन्याचा मुलगा आहे. मला जरा मिरवल्यासारखं झालं.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

प्रोग्रामरचं उत्तर आलं एकदाचं. रजेवर होतो, असं पहिल्याच ओळीत दिसतंय. आता कशाला हवंय उत्तर? उघडली नाही.

सोमवार, ५ फेब्रुवारी

लेकीच्या समोरच्या घरातलं बाळ काल गेलं. सकाळी निळं पडलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. हृदयात जन्मापासून दोष असावा, असं तिथे सांगितलं म्हणे. मी गेले तेव्हा त्यांचं दार लोटलेलं होतं आणि आत खूप माणसं होती, म्हणून परस्पर लेकीकडे गेले.

लेक रडून रडून सुजली आहे. म्हणाली, आई, त्यालाही पावडरचंच दूध होतं. मी म्हटलं, मग काय झालं, हजारो मुलं त्यावर वाढतात. भलते विचार करू नकोस, फक्त पाणी उकळण्यात हयगय नको. माझी नात मांडीवर झोपली होती. मी तिचा श्वास मोजत बसले. असं आधी कधी केलं नव्हतं.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

सात नंबर ४३. नमुनेवाले आज माझ्याशी काही न बोलता बाटल्या ठेवून गेले. लाल ओळ नाही.

सोमवार, १२ फेब्रुवारी

जे झालं ते क्रमाने लिहिते.

सकाळी अकरा वाजता जावयाचा फोन आला. बाळ करडं पडलंय, दूध ओढत नाही, दवाखान्यात आणलंय. मी पोचले तेव्हा नाकाला प्राणवायूची नळी होती आणि तरी रंग बदलत नव्हता. डॉक्टर, तरुण बाई आहेत, म्हणाल्या की हृदयाची तपासणी करावी लागेल, त्यासाठी मोठ्या दवाखान्यात न्या. तेवढ्यात परिचारिकेने काढलेलं रक्त माझ्यासमोरून गेलं. नळीत रक्त तपकिरी होतं. चॉकलेटसारखं. मी म्हटलं, जरा हलवा ते. तिने हलवलं. हवा लागूनही ते लाल होईना.

तीस वर्षांत मी हे कधी पाहिलं नव्हतं. पण दर जूनमध्ये शिकाऊ मुलींना शिकवते. पाण्यात नायट्रेट जास्त असलं की मोठ्यांना काही होत नाही. लहान बाळाचं रक्त मात्र बिघडतं, त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. आणि त्याच तासाला मी हेही शिकवते की उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि नायट्रेट आहे तेवढंच राहतं. अर्धं आटवलं की दुप्पट.

मी डॉक्टरांना सांगितलं, हृदय नाही, नायट्रेट आहे, मी पाणी तपासते. त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी त्यावरचं औषध, मिथिलीन ब्लू, मागवलं. ते शिरेतून दिल्यावर तासाभरात बाळाचे ओठ गुलाबी झाले. ती रडली, आणि जोरात रडली.

लेक माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, “आई, माझंच चुकलं. तू अर्धं आटवायला सांगितलं होतंस. मी कंटाळा करायचे गं, नुसती उकळी आली की उतरवायचे. परवापासून मात्र घाबरून तू म्हणालीस तसं अगदी अर्धं करत होते, पण तोवर उशीर झाला असेल.”

मी दवाखान्याच्या बाहेर पायरीवर जाऊन बसले. मग आत जाऊन सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग तिने माझ्या हातातला हात काढून घेतला.

तिथून प्रयोगशाळेत गेले. वहीची पाच पानं फाडून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. २६, ३१, ३५, ४०, ४३. या दैनंदिनीतही तेच आकडे आहेत, माझ्याच अक्षरात. चार वाजता पंपवाल्याला फोन करून सातची विहीर बंद करायला लावली. कोणाची परवानगी घेतली नाही.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

प्रोग्रामरची ईमेल उघडली. चांगली, सविस्तर आहे. नमस्कार, रजेवर होतो, उशिराबद्दल क्षमस्व. मोठ्या तुकड्याचा आकडा ४०९६ ने नि:शेष भागला गेला पाहिजे, नाहीतर सिस्टिम गुपचूप सगळंच नाकारते. बत्तीसवर सहा शून्यं चालणार नाहीत, ३३५५४४३२ लिहा. आणि एकूण जागा बाइटमध्ये नसते, ४०९६ च्या पानांत मोजतात, तिथे ८१९२. शेवटी वेगळी ओळ: ‘जागा वाचवायला “मागील नोंदी” कमी करायचा मोह होईल, तो कृपया टाळा. तो आकडा तीनच्या खाली गेला की सलग चढाची तुलना आपोआप बंद होते. फक्त मर्यादा तपासली जाते.’

दोन फेब्रुवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. समोरचं बाळ तेव्हा जिवंत होतं.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. मग म्हणाले, “बाई, वरती कळवायचंय. नवीन संगणकातील तांत्रिक बिघाडामुळे, असं लिहू. खोटं काय आहे त्यात? दोन वर्षं राहिलीत तुमची.”

मी म्हटलं, “बिघाड नव्हता साहेब. मी एक आकडा बदलला आणि तो कशासाठी आहे हे विचारलं नाही.”

ते म्हणाले की आकडा बदलून प्रोग्राम उघडला त्या दिवशी चहा त्यांनीच मागवला होता, हेही लिहा मग. साहेबांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहिलं. मला त्यांचा राग येऊ शकला असता तर बरं झालं असतं.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

मेमरीच्या पाचही ओळी ईमेलप्रमाणे लिहिल्या. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. ‘मागील नोंदी’ परत ५२. प्रोग्राम पहिल्या झटक्यात उघडला. वीस मिनिटं लागली, त्यात कॉम्प्युटर सुरू व्हायची पाच.

सगळे मंगळवार पुन्हा भरले आणि छापले. सात नंबरची ओळ पहिल्यांदा लाल होते २३ जानेवारीला. आधीचा, दोन जानेवारीचा आकडा बॅकअपमुळे प्रोग्रामपाशी होताच, त्याच्यापुढे तीन चढ. बाळ गेलं चार फेब्रुवारीला. मधे बारा दिवस आहेत. मी ते बोटांवर मोजले, कॅलेंडरवर मोजले, पुन्हा बोटांवर मोजले.

निवेदन लिहिलं. त्यात ‘बिघाड’ शब्द नाही. साहेबांनी जोडपत्र लावून पुढे पाठवलं.

नात घरी आली आहे. लेकीने फोनवर तेवढंच सांगितलं. ये म्हणाली नाही.

शनिवार, १७ फेब्रुवारी

आज लेकीच्या समोरच्या दारावर टकटक केलं. लेकीचं दार बंद होतं. तिकडे बघायचं नाही असं ठरवून जिना चढले होते.

बाईनेच दार उघडलं. माझ्या लेकीपेक्षाही लहान दिसते. बसा म्हणाली. पाणी देऊ का असं विचारलं आणि मग स्वतःच थांबली, कारण विहीर बंद झाल्यापासून त्यांच्याकडे टँकरचं पाणी मोजून असतं. मी घरून सगळं मनाशी पाठ करून आले होते, आठ जानेवारीपासून. पण मी तोंड उघडायच्या आधी तीच बोलू लागली.

म्हणाली, “काकू, बरं झालं आलात. तुम्हाला भेटायचंच होतं. तुमच्या लेकीने मला सांगितलं होतं, आई पाणी तपासते, ती म्हणते अर्धं आटवून द्या. मी एकदाही चुकले नाही हो. अर्ध्याहून कमीच करायचे, उगाच धोका नको म्हणून. निदान पाण्यात तरी मी काही कमी केलं नाही, एवढंच समाधान आहे.”

मला उठून पळून जावंसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसं वाटलं. ती एका वाक्यावर उभी आहे, ते काढून घ्यायचा मला काय अधिकार, असंही मनात आलं. मग वाटलं की हा विचार तिच्यासाठी नाही, माझ्या सोयीचा आहे. खतांचं गोदाम, नायट्रेट, माझं उकळून आटवणं, मेमरीचा तुकडा, एक लिहिलेला आकडा, न उघडलेली ईमेल, बारा दिवस. सगळं सांगितलं. कॉम्प्युटरचं तिला कळलं नसेल असं वाटलं, म्हणून तेवढं पुन्हा सोपं करून सांगितलं.

ती मध्ये एकदाच बोलली. “म्हणजे मी कमी उकळलं असतं तर?”

मी म्हटलं, “तर तो कदाचित वाचला असता. पण कमी उकळा हे तुम्हाला सांगायचं काम माझं होतं. आकडे माझ्याकडे होते, तुमच्याकडे नव्हते.”

मला वाटलं ती ओरडेल, किंवा मला बाहेर काढेल. मी त्याचीच वाट बघत होते. पण तिने आतल्या खोलीतून नवऱ्याला हाक मारली. तो येऊन तिच्या शेजारी बसला. मग ती मला म्हणाली, “आता हे यांना सांगा. मला सांगता यायचं नाही.”

मी पुन्हा पहिल्या तारखेपासून सुरुवात केली.